एका ओळीच्या नियमातून उमलणारं बाटिक

हिजाब आणि पायघोळ, सैल झगे इंडोनेशियात मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. अशा अंगभर पोशाखात कापडाचा मोठा सलग भाग नजरेसमोर राहतो, त्यामुळे सगळी मदार नक्षीवर येते. त्यातही अनेकजणी माणसांची, प्राण्यांची चित्रं टाळतात आणि वेली, पानं, भौमितिक आकार पसंत करतात. अशी नक्षी संगणकाच्या कोडमधून फार छान उतरते, आणि बाटिक, म्हणजे कापडावर मेण लावून रंगवण्याच्या कलेतही ती वापरता येते.

इंडोनेशियातल्या बांडुंग शहरातल्या ‘पिक्सेल इंडोनेशिया’ने त्यासाठी ‘जेबाटिक’ हे सॉफ्टवेअर तयार केलं. त्याच्या मुळाशी आहे एल-सिस्टिम, म्हणजे ठरावीक नियमाने चिन्हं पुन्हा पुन्हा बदलत नेण्याची पद्धत. जीवशास्त्रज्ञ अरिस्टिड लिंडेनमायर यांनी १९६८ साली ती मांडली, तेव्हा त्यांच्यासमोर प्रश्न होता साध्या सजीवांच्या वाढीचा. नियम अगदी छोटा असतो. ‘अ’ दिसला की ‘अब’ लिहायचं, ‘ब’ दिसला की ‘अ’. मग अ, अब, अबअ, अबअअब अशी माळ वाढत जाते. अक्षरं मोजली तर १, २, ३, ५, आणि पुढच्या फेरीत ८. आता अक्षरांऐवजी ‘रेघ ओढ’, ‘डावीकडे वळ’, ‘फांदी फोडून परत ये’ अशा आज्ञा ठेवल्या की कापडावर वेल चढू लागते. वळणाचा कोन २५ अंशांवरून ४० केला, तर तीच वेल ऐसपैस पसरते.

पण थांबायचं कुठे, हे कापड ठरवतं. समजा, एका रेघेच्या जागी तीन तुकड्यांचा देठ आणि दोन फांद्या येतात, म्हणजे दर फेरीत रेघा पाचपट आणि लांबी एक तृतीयांश. ३० सेंटिमीटरच्या देठापासून निघालं, तर पाचव्या फेरीत ३१२५ रेघा होतात आणि प्रत्येक जेमतेम सव्वा मिलिमीटरची उरते. चांटिंग या चोचीच्या अवजारातून गरम मेण सोडताना इतक्या बारीक रेघा एकमेकींत मिसळतात. चौथ्या फेरीलाच हात आवरायला हवा.

हिजाबचा चौकोनी रुमाल साधारण ११० सेंटिमीटरचा. तो कर्णावर दुमडून बांधला, की कापडाचा मध्य कपाळापाशी येतो. तिथे मोठं फूल ठेवलं, तर ते नेमकं अर्ध्यात मोडतं. म्हणून फांदी फुटण्याची शक्यता मध्यभागी कमी आणि काठाकडे जास्त ठेवावी. कोडमध्ये हा बदल एका आकड्याचा आहे. झग्याच्या कापडाची गोष्ट वेगळी. तिथे नक्षीचा तुकडा पुन्हा पुन्हा येतो, तेव्हा उजव्या कडेने बाहेर पडलेली वेल डाव्या कडेने त्याच उंचीवर आत शिरली पाहिजे, नाहीतर जोड उघडा पडतो.

पडद्यावरची नक्षी थेट यंत्राने छापली, तर कापड सुंदर होईल, पण ते बाटिक नव्हे. युनेस्कोने २००९ साली बाटिकला अमूर्त वारसा म्हणून मान्यता दिली, ती मेण लावून रंगवण्याच्या कारागिरीसह. म्हणून मला ती वाट जास्त मोलाची वाटते, जिथे संगणकाची आकृती कापडावर उतरवून मेणाचं काम कारागिरांकडे जातं आणि पानांच्या पोटातले ठिपके त्यांच्या हातांनी भरले जातात.