एकाच जातीची वेगवेगळी पाने: माती की बियाणे?

उन्हातल्या झाडाची पाने लहान आणि जाड, सावलीतल्याची रुंद आणि पातळ, हे कोणालाही दिसते. पण हा फरक जागेने घडवला की तो बियाण्यातच होता, हे नुसते पाहून कळत नाही. त्यासाठी रोप उपटून दुसरीकडे लावावे लागते.

फ्रान्समध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ गास्तों बोनिए यांनी १८८०च्या दशकापासून हेच केले. बहुवर्षायू रोपाचे दोन भाग करून एक मैदानात लावायचा, दुसरा आल्प्स किंवा पिरेनीजमध्ये उंचावर. वरची पाने लहान, जाड, गर्द हिरवी झाली. इथवर ठीक. पुढे मात्र मैदानी जात चक्क डोंगरी जातीत बदलल्याचा दावा त्यांनी केला आणि तो टिकला नाही. राखण नसलेल्या वाफ्यात लावलेले रोप मरून शेजारची रानटी जात उगवली, तर नोंद फसणारच.

स्वीडनच्या गोटे तुरेसन यांनी उलट वाट धरली: वेगवेगळ्या जागची रोपे एकाच बागेत, एकाच मातीत. हायरेशियम अंबेलॅटम या रानफुलाची वाळूच्या टेकड्यांवरची अरुंद पाने बागेतही अरुंदच राहिली, समुद्रकड्यांवरची रुंद ती रुंदच. म्हणजे फरक आनुवंशिक. एकाच जातीतल्या, पण जागेनुसार असा आनुवंशिक फरक असलेल्या गटांसाठी त्यांनी १९२२ मध्ये ‘इकोटाइप’ हा शब्द रूढ केला.

दोन्ही वाटा जोडल्या त्या कॅलिफोर्नियात क्लाऊसेन, केक आणि हीझी यांनी. पोटेंटिला ग्लँडुलोसा या रानवनस्पतीच्या एकेका रोपाचे तुकडे स्टॅनफर्ड (सुमारे ३० मीटर), मॅथर (१४०० मीटर) आणि टिंबरलाइन (३०५० मीटर) अशा तिन्ही बागांत लावले. आकार जागेप्रमाणे बदलला, पण जात बदलली नाही. किनाऱ्यावरची रोपे टिंबरलाइनला तगलीच नाहीत. १९४० चे हे काम आजही या विषयाचा पाया आहे.

२००४ च्या जागतिक पर्णसंकलनात २,५४८ जाती आल्या, पण मांडणी जातीच्या सरासरीवर. जातीअंतर्गत फरक त्यात बुजला. २०१५ च्या एका एकत्रित विश्लेषणात मात्र एका ठिकाणच्या वनस्पतीसमूहातल्या एकूण फरकापैकी साधारण पाव हिस्सा जातीअंतर्गत निघाला.

पण मोजणी ढिली असेल तर हा आकडाही खोटा. पूर्ण उमललेले, उन्हातले, न किडलेले पान घ्यावे. ताजे असताना क्षेत्रफळ मोजून ते ७० अंश सेल्सिअसला ७२ तास वाळवावे आणि मग वजन करावे. २० चौरस सेंटिमीटरचे पान वाळून ०.१० ग्रॅम भरले, तर दर ग्रॅम कोरड्या वजनाला २०० चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. तेच अर्धवट वाळून ०.१२ भरले, तर १६७. मग पर्वत आणि मैदान यांतला म्हणून दिसणारा फरक प्रत्यक्षात ओव्हनमधलाही असू शकतो.