वसंतखत आणि अंकुरखत : शिझुओकाच्या चहामळ्यातील नत्राचे दोन हप्ते

जपानमधील शिझुओका प्रांतात चहाची वर्षातील पहिली खुडणी एप्रिलच्या अखेरीस सुरू होते आणि मेच्या पहिल्या पंधरवड्यात जोरात असते. या खुडणीच्या आधी झुडपांना नत्राचे दोन हप्ते दिले जातात. फेब्रुवारी-मार्चमधील हप्त्याला तिकडे ‘हारुगोए’ म्हणजे वसंतखत, आणि मार्चअखेर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतच्या हप्त्याला ‘मेदाशिगोए’ म्हणजे कोंब काढणारे खत असे म्हणतात. त्याला आपण अंकुरखत म्हणू. दोन्ही हप्ते त्याच सरीत आणि जेमतेम महिना-दीड महिन्याच्या अंतराने पडत असल्यामुळे, एकच मात्रा सोयीसाठी दोनदा विभागून दिली जाते असा समज सहज होतो. तसे नाही. दोन्ही हप्त्यांत नत्रच असले तरी ते झुडपाच्या दोन वेगवेगळ्या अवस्थांसाठी दिलेले असते, आणि म्हणूनच एकाची जागा दुसऱ्याला घेता येत नाही.

गोंधळाचे मूळ बरेचसे नावात आहे. ‘कोंब काढणारे खत’ म्हटल्यावर या खतामुळे कोंब फुटतात असे वाटते. प्रत्यक्षात चहाचा कोंब फुटतो तो मुख्यतः वाढत्या उष्णतेमुळे. जपानी बागायतदार याची तारीख नेमकेपणाने ठरवतात : कळीभोवतीच्या खवल्यासारख्या आवरणाच्या दुप्पट लांबीचे कोंब ज्या दिवशी सुमारे 70 टक्के कळ्यांवर दिसतात, तो अंकुरणाचा दिवस. शिझुओकात तो साधारण एप्रिलच्या पूर्वार्धात येतो आणि तेथून खुडणीपर्यंत सुमारे एक महिना मिळतो. त्या महिन्यात कोंब पाने उलगडत झपाट्याने वाढतो, त्याची नत्राची भूकही तितक्याच वेगाने वाढते, आणि अंकुरखत देतात ते ही भूक भागवण्यासाठी. म्हणूनच त्यासाठी अमोनियम सल्फेटसारखे लगेच विरघळणारे खत निवडले जाते. त्यात सुमारे 21 टक्के नत्र असते आणि ते अमोनियम रूपात असते. नायट्रेटपेक्षा अमोनियम पसंत करणाऱ्या मोजक्या पिकांत चहा मोडतो.

वसंतखताचे काम याहून संथ आहे. त्यात मोहरीवर्गीय बियांची पेंड, मासळीखत असे सेंद्रिय घटक भरपूर असतात. पेंडीतील नत्र प्रथिनांत अडकलेले असते. जमिनीतील सूक्ष्मजीव ते मोकळे करतात तेव्हाच ते मुळांना घेता येते, आणि थंडीत हे काम अतिशय सावकाश चालते. फेब्रुवारीत सरीत पेंड टाकून वरच्या मातीत हलकेच मिसळली, तर जमीन तापू लागेल आणि पांढरी मुळे कामाला लागतील त्या सुमारास थोडेथोडे अमोनियम तयार होऊ लागते. हिरव्या चहाची मधुर, भरीव चव ज्या थिअनिनमुळे येते ते अमिनो आम्ल प्रामुख्याने मुळांतच तयार होते आणि तेथून कोंबाकडे चढते. त्यामुळे कोंब दिसण्यापूर्वीच मुळांपाशी नत्र पोहोचलेले असणे हा चवीचाही प्रश्न आहे.

आता हेच हप्ते उलटे करून पाहावेत. एप्रिलमध्ये अंकुरखत म्हणून पेंड दिली, तर तिचे नत्र मोकळे होईपर्यंत पहिली खुडणी उरकलेली असते आणि लाभ होतो तो जूनमधील दुसऱ्या खुडणीला, जिचा भाव पहिलीच्या तुलनेत फारच कमी असतो. याउलट सगळे अमोनियम सल्फेट फेब्रुवारीतच टाकले, तर गारठलेली मुळे त्यातले थोडेच उचलतात आणि सरीत क्षार साचून कोवळी मुळे करपण्याचा धोका राहतो.

सरीबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण कागदावरची मात्रा आणि मुळांना भेटणारी मात्रा यांत मोठे अंतर असते. शिझुओकातील ओळींमध्ये साधारण 1.8 मीटर अंतर असते, पण झुडपांचा गोलसर माथा इतका पसरलेला असतो की मधे जेमतेम माणूस चालेल एवढीच वाट उरते. ही वाट 30 सेंटिमीटरची धरली, तर ती एकूण क्षेत्राचा सहावा भाग झाली. हेक्टरी 100 किलो नत्र टाकतो असे आपण म्हणतो तेव्हा त्या पट्टीतल्या मुळांवर हेक्टरी 600 किलोच्या हिशेबाने मारा होत असतो. एकदम मोठा हप्ता चहाला का सोसत नाही, हे या एका गणितातून कळते.

या मुळांना पूर्वी याहून कितीतरी जास्त सोसावे लागले आहे. उत्तम चवीच्या ओढीने एकेकाळी काही मळ्यांत हेक्टरी 1000 किलोंहून अधिक नत्र वर्षभरात टाकले जाई. आसामात हे प्रमाण सहसा दीडशेच्या आत असते. न उचललेले अमोनियम हळूहळू नायट्रेट होऊन पावसाबरोबर खाली उतरले आणि मळ्यांच्या पायथ्याच्या पाण्यात पोहोचले. जपानने 1999 साली पाण्यातील नायट्रेट-नायट्राइट नत्रासाठी लिटरला 10 मिलिग्रॅमची मर्यादा घातली, त्यानंतर हप्त्यांची वेळ ही केवळ उत्पन्नाची बाब राहिली नाही. मला या विषयात सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हेच : चुकीच्या वेळी दिलेल्या हप्त्याचे नत्र गावाच्या विहिरीत जाते.

एक गोष्ट मात्र दोन्ही हप्त्यांना लागू आहे. पहिल्या कोंबातील नत्राचा मोठा वाटा झुडपाने आधीच्या शरदात उचलून जुन्या पानांत आणि मुळांत साठवलेला असतो. पावसाळ्यात खत घातलेला हापूस हिवाळ्यात मोहोरतो, हे पाहिलेल्या कोकणातल्या बागायतदाराला यात नवल वाटणार नाही. त्यामुळे ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमधील शरदखत चुकले, तर एप्रिलमध्ये अंकुरखत वाढवून ती उणीव भरून निघत नाही.

तारखा मात्र शिझुओकाच्या आहेत. जपानच्या दक्षिणेकडील कागोशिमात पहिली खुडणी एप्रिलच्या पूर्वार्धातच सुरू होते आणि तेथे वसंतातील हे दोन्ही हप्ते त्या मानाने आधी द्यावे लागतात. कुठल्याही मळ्यात अंकुरखताचा दिवस खुडणीच्या अपेक्षित तारखेपासून तीन-चार आठवडे मागे मोजून काढावा, आणि वसंतखत त्याच्याही आधी, मुळे जागी होण्यापूर्वी, मातीत मिसळलेले असावे.