हॉट टॅपिंग

पाइपलाइनमधून तेल, वायू, वाफ किंवा पाणी दाबाखाली वाहत असतानाच पाइपला भोक पाडून तेथे नवा फाटा आणि व्हॉल्व्ह जोडण्याची पद्धत. 'हॉट' या शब्दाचा आतल्या मालाच्या तापमानाशी संबंध नाही. लाइन चालू आहे, एवढाच त्याचा अर्थ. रिफायनरीतील एखादी लाइन बंद करायची तर ती रिकामी करावी लागते, नायट्रोजनने आतील वायू घालवावा लागतो आणि काम संपल्यावर हे सगळे उलट क्रमाने करावे लागते. लांब वायुवाहिनीत तर कित्येक किलोमीटरचा वायू हवेत सोडावा किंवा जाळावा लागतो. हे टाळण्यासाठी ही खटपट.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतील डेकेटर शहरात बंदुकांचे काम करणारे कारागीर हायरोनिमस म्युलर यांनी 1872 मध्ये मुख्य जलवाहिनीला दाबाखाली भोक पाडणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. चालू मुख्य नळावर फेरूल (जोडणीचा छोटा पितळी तुकडा) बसवून घराला नळजोडणी देतात, त्यामागचे तत्त्व हेच.

पोलादी लाइनवर आधी पाइपभोवती दोन अर्ध्या भागांची स्प्लिट टी, म्हणजे फाट्याचे तोंड असलेले कवच, वेल्ड करतात. तिच्या फ्लँजवर (तोंडाच्या बोल्ट लावायच्या कडेवर) पूर्ण उघडणारा गेट किंवा बॉल व्हॉल्व्ह आणि त्यावर भोक पाडण्याचे यंत्र बसते. व्हॉल्व्ह उघडून त्यातून कटर खाली नेतात. कटरच्या मधला बारीक पायलट ड्रिल आधी भिंतीच्या आरपार जातो; मग आतला माल यंत्राच्या बंद पेटीत भरतो आणि दाब दोन्हीकडे सारखा होतो. गोल कटर पाइपच्या भिंतीची चकती कापतो, कटर वर ओढून व्हॉल्व्ह बंद करतात, पेटीतला दाब सोडतात आणि यंत्र काढून घेतात. एवढ्या वेळात लाइन एकदाही थांबलेली नसते.

कापलेल्या चकतीला कूपन म्हणतात. पायलट ड्रिलमधील तारेचे आकडे भिंतीपलीकडे गेल्यावर उघडतात आणि तिला धरून ठेवतात. ती सुटली तर प्रवाहाबरोबर पुढच्या पंपात किंवा व्हॉल्व्हमध्ये अडकू शकते. म्हणून वर आलेले कूपन हातात पडेपर्यंत अनुभवी माणूस काम झाले असे म्हणत नाही. कटर नेमका किती खाली उतरवायचा हेही आधी मोजून लिहून ठेवावे लागते, कारण आत काय चालले आहे ते दिसत नाही. कमी उतरला तर चकती सुटत नाही. जास्त उतरला तर तो समोरच्या भिंतीला लागतो.

खरी कसोटी मात्र भोक पाडण्याच्या आधीच, वेल्डिंगमध्ये लागते. दाबाखालच्या भिंतीवर आर्क (वेल्डिंगची विद्युत ज्योत) पेटवली की तेथील धातू मऊ होतो आणि आतल्या दाबाने फुटू शकतो. आतला पृष्ठभाग सुमारे 980 अंश सेल्सिअसच्या खाली राहिला तर कमी हायड्रोजनच्या इलेक्ट्रोडने (वेल्डिंगच्या कांडीने) हा धोका टळतो, असे सर्वसाधारणपणे मानतात, 6.4 मिलिमीटरपेक्षा पातळ भिंतीला विशेष जपतात. वाहता माल उष्णता ओढून नेतो आणि भिंत वाचवतो. पण तोच थंडावा वेल्डला फार झपाट्याने गार करतो. पोलाद कडक होते आणि हायड्रोजनमुळे त्यात तडे जाऊ शकतात, कधी काही तासांनी. प्रवाह अगदी थांबवणेही धोक्याचे, फार वाढवणेही धोक्याचे. म्हणून वेल्डर, इंजिनिअर आणि कंट्रोल रूममधील ऑपरेटर यांचे एकमत झाल्याशिवाय आर्क पेटू नये.

वेल्डिंगपूर्वी अल्ट्रासॉनिक यंत्राने त्याच जागेची जाडी मोजतात आणि पोलादात थर सुटलेले नाहीत ना, ते पाहतात. स्प्लिट टीचे लांबीचे सांधे आधी भरतात. नंतर गोलाईच्या एका टोकाचा सांधा पुरा करून मगच दुसऱ्याला हात लावतात, म्हणजे आकुंचनाचा ताण कमी राहतो. फिटिंगची दाबचाचणीही जपून करावी लागते, कारण तेथे पाइपवर बाहेरून दाब येतो आणि भिंत आत चेपू शकते.

सगळ्याच लाइनवर हे काम करता येत नाही. ऑक्सिजन, किंवा आत हवा आणि ज्वालाग्राही वाफ यांचे स्फोटक मिश्रण असेल तर नाही. ॲसिटिलीन आणि इथिलीन उष्णतेने विघटित होऊन स्वतःच भडकू शकतात. कॉस्टिक सोड्याच्या लाइनमध्ये वेल्डजवळ तडे जाण्याची भीती असते. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटची 'आरपी 2201' ही शिफारस-पद्धती याच कामासाठी आहे. हे काम टाळता येईल का, हा प्रश्न कामाच्या परमिटवर सही होण्याआधी विचारायला हवा. उत्पादन थांबू नये ही घाई त्याचे उत्तर होऊ शकत नाही.

वर सांगितलेल्या पद्धतीने फाट्यावर व्हॉल्व्ह मिळतो. मुख्य लाइनच्या मध्येच व्हॉल्व्ह घालायचा तर त्या जागेच्या दोन्ही बाजूंना टॅप घेतात आणि माल बायपासने वळवतात. मग टॅपमधून रबरी सील लावलेले अडथळे आत उतरवून मधला तुकडा वेगळा पाडतात. यालाच लाइन स्टॉपिंग म्हणतात. तुकड्यातील दाब सोडून, सील खरोखर धरून आहेत याची खात्री करून, ज्वालाग्राही माल असेल तर ज्योतीऐवजी यांत्रिक कटरने पाइप कापतात. पाण्याच्या लाइनसाठी सोपा मार्गही आहे: पाइपभोवती बोल्टने आवळलेले कवच बसवायचे, आतून खाच कापायची आणि त्याच खाचेत व्हॉल्व्हचा गेट सोडायचा. शहरी गॅसच्या पॉलिथिलीन पाइपवर विजेच्या उष्णतेने चिकटणारे सॅडल वापरतात. त्यात कटर आधीच बसवलेला असतो आणि भोक पाडल्यावर तो तिथेच राहतो.

लाइन स्टॉपिंगचे काम उरकल्यावर अडथळे वर काढतात, फिटिंगच्या फ्लँजमध्ये आतून प्लग बसवून तात्पुरते व्हॉल्व्ह सोडवून घेतात आणि वर ब्लाइंड फ्लँज, म्हणजे भोक नसलेले झाकण, बोल्टने आवळतात. जेथून पुढे सफाईचा किंवा तपासणीचा पिग (प्रवाहाबरोबर पाइपमधून ढकलले जाणारे साधन) जायचा आहे तेथे प्लगला खाली गजांची जाळी असते, म्हणजे टीच्या तोंडाशी येऊन पिग अडकत नाही.