आतड्याची सूज, हृदयावरचा ताण आणि बाहेरून होणारी तपासणी

महिनोन्‌महिने पोट दुखते, दिवसातून पाच-सहा वेळा शौचाला जावे लागते, औषधाने चार दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच सुरू होते. अशा रुग्णाच्या आतड्याला खरोखर सूज आली आहे, की आतडे दिसायला निरोगी असून केवळ त्याची हालचाल आणि संवेदना बिघडली आहे, हे नुसत्या लक्षणांवरून ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही अवघड जाते. पहिल्या गटात क्रोन्स आजार आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस येतात, दुसऱ्याला आयबीएस म्हणतात. लक्षणे बरीच मिळतीजुळती असली तरी दोन्हींचे उपचार अगदी वेगळे आहेत. खात्री करून घ्यायची तर दुर्बीण घालून आतडे पाहावे लागते. त्यासाठी आधी जुलाबाचे औषध घेऊन पोट पूर्ण रिकामे करावे लागते आणि बहुतेक वेळा गुंगीचे औषधही द्यावे लागते. प्रत्येक पोटदुखीसाठी हे करणे शक्य नाही आणि योग्यही नाही.

हा पेच सोडवायला शौचातील कॅलप्रोटेक्टिनची चाचणी मोठी मदत करते. न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये हे प्रथिन ठासून भरलेले असते. आतड्याच्या अस्तराला सूज आली की या पेशी रक्तवाहिन्यांतून बाहेर पडून अस्तर ओलांडतात, आतड्याच्या पोकळीत उतरतात आणि तेथे आपल्याजवळचे कॅलप्रोटेक्टिन सोडतात. कॅल्शियमशी जोडले गेलेले हे प्रथिन जिवाणूंच्या विकरांना सहजासहजी दाद देत नाही, त्यामुळे ते शौचात काही दिवस टिकते आणि नमुना घरी घेऊन प्रयोगशाळेत पोहोचवता येतो. डबीच्या झाकणालाच जोडलेल्या छोट्या चमच्याने थोडासा नमुना घ्यायचा आणि त्यात लघवी किंवा पाणी मिसळू द्यायचे नाही, एवढेच रुग्णाचे काम. पुढे प्रयोगशाळेत नमुन्याचा चिमूटभर भाग द्रावणात घोळून प्रतिपिंडांच्या साहाय्याने प्रथिनाचे प्रमाण मोजले जाते.

प्रौढांमध्ये हे प्रमाण एका ग्रॅम शौचामागे ५० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर आतड्यात लक्षणीय सूज असण्याची शक्यता फार कमी असते. आकडा २५० च्या वर गेला तर सूज असण्याची शक्यता बळावते. मधल्या पट्ट्यातील आकड्यावरून घाईने निष्कर्ष न काढता काही आठवड्यांनी चाचणी पुन्हा करणे श्रेयस्कर. माझ्या मते या चाचणीचे खरे मोल तिच्या ‘नाही’ या उत्तरात आहे. ‘आहे’ म्हणताना ती सूज कशामुळे आली हे सांगत नाही: जंतुसंसर्ग, आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, आतड्याचा कर्करोग यांपैकी कशानेही आकडा वाढतो. उलट, शौचातून रक्त जात असेल किंवा कारण नसताना वजन घटत असेल, तर आकडा कमी आला म्हणून दुर्बीण तपासणी टाळणे धोक्याचे ठरू शकते.

आजाराचे निदान आधीच झालेल्या रुग्णांना ही चाचणी वेगळ्या प्रकारे उपयोगी पडते. लक्षणे पुन्हा दिसू लागण्याआधीच काही जणांत कॅलप्रोटेक्टिन चढू लागते आणि उपचार वेळेवर बदलण्याची संधी मिळते. मात्र आकड्यांची तुलना करायची तर चाचणी दर वेळी एकाच पद्धतीने व्हावी, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या चाचणी-संचांचे (किटचे) आकडे जुळत नाहीत. जोडीला पोटावरून केलेली सोनोग्राफीही उपयोगी पडते. मोठ्या आतड्याच्या भिंतीची जाडी ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आढळली, तर तेथे सूज असल्याचा संशय घेतला जातो.

हृदयाच्या बाबतीत असाच निरोप रक्तातून मिळतो. रक्ताच्या वाढलेल्या दाबाने हृदयाच्या कप्प्यांच्या भिंती ताणल्या गेल्या की तेथील स्नायुपेशी बीएनपी (ब्रेन नॅट्रियुरेटिक पेप्टाइड) नावाचे संप्रेरक सोडतात, जे मूत्रपिंडांना मीठ आणि पाणी बाहेर टाकायला लावते. १९८८ मध्ये जपानी संशोधकांना ते प्रथम डुकराच्या मेंदूत सापडले, म्हणून नावात मेंदू आला. मुख्य उगम हृदय आहे हे नंतर कळले. हे संप्रेरक तयार होताना मूळ प्रथिनाचा जो दुसरा तुकडा सुटतो, तो एनटी-प्रोबीएनपी. चालताना दम लागतो, पायांवर सूज येते, अशा तक्रारी हळूहळू वाढत गेलेल्या रुग्णात त्याचे प्रमाण एका मिलिलिटर रक्तद्रवात १२५ पिकोग्रॅमपेक्षा कमी असेल, तर हार्ट फेल्युअरची, म्हणजे हृदय शरीराला पुरेसे रक्त पुरवू न शकण्याची, शक्यता बरीच मागे पडते. येथेही सावधगिरी हवीच: वाढते वय, मूत्रपिंडाचा विकार आणि हृदयाची अनियमित लय यांनी आकडा वाढतो, तर लठ्ठपणात तो फसवा कमी दिसू शकतो. हार्ट फेल्युअरवरील सॅक्युबिट्रिल हे औषध बीएनपीचे विघटन करणाऱ्या विकरालाच रोखते, त्यामुळे ते घेणाऱ्या रुग्णात बीएनपी वाढलेले दिसू शकते. एनटी-प्रोबीएनपी त्या विकराच्या तावडीत येत नसल्याने अशा वेळी तेच मोजावे.

संशय उरला तर इको, म्हणजे ध्वनिलहरींनी घेतलेले हृदयाचे चित्र, काढतात. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून डावा हात डोक्याखाली घ्यायला सांगतात, कारण त्या स्थितीत हृदय छातीच्या भिंतीजवळ सरकते आणि मधला फुप्फुसाचा पडदा बाजूला होतो. फुप्फुसातील हवेतून ध्वनिलहरी नीट जात नाहीत. छातीला थंड जेल लावून प्रोब टेकवला की झडपांची उघडझाप पडद्यावर दिसू लागते. या तंत्राची सुरुवात १९५३ मध्ये स्वीडनमध्ये झाली. हृदयरोगतज्ज्ञ इंगे एडलर आणि भौतिकशास्त्रज्ञ हेलमुट हर्ट्झ यांनी त्यासाठी माल्मो येथील जहाज कारखान्यातून, धातूतील भेगा शोधण्याचे यंत्र उसने आणले होते. इकोत प्रत्येक ठोक्याला डावा खालचा कप्पा आपल्यातील किती टक्के रक्त पुढे ढकलतो हेही मोजतात. हा इजेक्शन फ्रॅक्शन ४० किंवा त्याहून कमी असेल, तर आकुंचनाची ताकद घटली आहे असे मानतात. मात्र तो चांगला असूनही हार्ट फेल्युअर असू शकते, कारण कधी कधी हृदय आकुंचन पावते नीट, पण सैल पडताना ताठर राहते.

आतडे आणि हृदय यांच्या तपासण्या एकाच रुग्णासाठी एकत्र येण्याचे प्रसंगही असतात. क्रोन्स आजारात दिले जाणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध मध्यम किंवा तीव्र हार्ट फेल्युअर असलेल्यांना देऊ नये असा स्पष्ट इशारा आहे. अशा रुग्णाला चालताना दम लागत असेल, तर कॅलप्रोटेक्टिनचा आकडा कितीही चढलेला असो, औषध सुरू करण्याआधी त्याचे एनटी-प्रोबीएनपी आणि इको पाहिले जाते आणि हृदय साथ देत नसेल, तर आतड्यासाठी दुसरे औषध निवडावे लागते.