संधिवातीय स्वयंप्रतिरक्षा रोग आणि लसीकरण

संधिवातीय स्वयंप्रतिरक्षा रोग आणि लसीकरण : शरीराची संरक्षणव्यवस्था स्वतःच्याच सांध्यांवर, त्वचेवर, मूत्रपिंडावर किंवा रक्तवाहिन्यांवर उलटते, अशा रोगांत लस कितपत लागू पडते, कोणत्या औषधामुळे ती निष्प्रभ ठरते आणि ती केव्हा टोचावी, हे सांगणारा वैद्यकाचा भाग. आमवात म्हणजे ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, ल्युपस, स्क्लेरोडर्मा, श्योग्रेन, मायोसायटिस, रक्तवाहिन्यांचा दाह आणि कण्याचा अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस हे या गटातले प्रमुख रोग. नाशिक परिसरात यातल्या बहुतेकांना 'वात' हे एकच नाव असते. १९९६ साली पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे घरोघर जाऊन पाहणी झाली, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे अर्धा टक्का लोकांना आमवात असल्याचे दिसले. म्हणजे रोग दुर्मीळ नाही. निफाड किंवा दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यातली एखादी बाई सकाळी तास-दीड तास मूठ वळत नाही म्हणून विरळणीची कात्री धरू शकत नाही, तेव्हा तो थकवा नसून आमवात असू शकतो.

अशा रुग्णाला जंतुसंसर्गाचा धोका दोन बाजूंनी असतो. रोगामुळे संरक्षणव्यवस्थेचा तोल आधीच गेलेला असतो, आणि तिला आवरण्यासाठी दिलेली औषधे तिचे उरलेले बळही कमी करतात. ल्युपसमध्ये तर जंतुसंसर्ग हे मृत्यूचे एक मोठे कारण आहे. त्यामुळे लसीची गरज याच लोकांना सर्वांत जास्त, आणि लसीला सर्वांत कमी प्रतिसाद देणारेही हेच. या पेचातून वाट निघते ती बहुधा तारखांच्या हिशोबाने. 'लस घ्यावी का' हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा असतो. 'कोणत्या गोळीच्या आधी, कोणत्या इंजेक्शननंतर' असा तो विचारायला हवा.

लस टोचल्यावर काय घडते

दंडात सुई गेली की लसीतला प्रतिजन, म्हणजे जंतूची ओळख पटवणारा तुकडा, पहारेकरी पेशी उचलतात आणि काखेतल्या लसिका ग्रंथीत नेतात. लस घेतल्यावर कधीकधी काखेत अवधाण येते ते यामुळेच. तिथे टी-पेशी, म्हणजे संरक्षणव्यवस्थेतल्या एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी, त्या तुकड्याची शहानिशा करतात आणि त्यांच्या इशाऱ्यावर प्रतिपिंडे बनवणाऱ्या बी-पेशी झपाट्याने दुणावू लागतात. पुढचे दोन-तीन आठवडे त्या ग्रंथीत जे चालते ते द्राक्षबागेतल्या विरळणीसारखे असते. मणी भरपूर धरलेले असतात, पण सगळे ठेवायचे नसतात. ज्या बी-पेशींची प्रतिपिंडे, म्हणजे जंतूला चिकटून त्याला रोखणाऱ्या अँटिबॉडी, प्रतिजनाला घट्ट बसतात त्या राखल्या जातात, बाकीच्या गळून जातात. निवडून उरलेल्यांपैकी काही अस्थिमज्जेत जाऊन वर्षानुवर्षे प्रतिपिंडे बनवत राहतात, तर काही स्मृतिपेशी होऊन पुढच्या हल्ल्याची वाट पाहतात. आमवाताची बरीच औषधे नेमकी या दुणावण्यावर आणि निवडीवर घाव घालतात. रोग त्याच वाटेने वाढतो, म्हणून औषधाचे लक्ष्यही तेच असते.

औषधे आणि लसीची वेळ

मेथोट्रेक्सेट हे आमवाताचे पायाभूत औषध. आठवड्यातून एकदाच घ्यायचे असल्यामुळे रुग्ण त्याला 'आठवड्याची गोळी' म्हणतात. (ही गोळी चुकून रोज घेतल्याने जिवावर बेतलेले रुग्ण डॉक्टरांना माहीत आहेत. म्हणून वार ठरवून तो घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगून ठेवावा.) ही गोळी चालू असताना फ्लूची लस घेतली तर प्रतिपिंडे कमी बनतात. कोरियातील संशोधकांनी आधी लसीपूर्वी गोळी थांबवून पाहिली, मग लसीनंतर. फायदा दिसला तो लसीनंतर थांबवण्याचा, आणि वर सांगितलेली विरळणी लक्षात घेतली तर तो तसाच दिसायला हवा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चाचणीत लसीनंतर दोन आठवडे गोळी बंद ठेवलेल्या गटात सुमारे ७५ टक्के रुग्णांना समाधानकारक प्रतिसाद मिळाला, गोळी चालू ठेवलेल्या गटात सुमारे ५५ टक्क्यांना. ब्रिटनमध्ये कोविडच्या वाढीव डोसानंतर अशाच दोन आठवड्यांच्या खंडाने प्रतिपिंडे जवळपास दुप्पट झाली. हा निष्कर्ष २०२२ साली आला. केरळमधील डॉक्टरांनी कोविशील्डबाबत जवळपास हेच दाखवले. पुण्यात बनलेल्या आणि आपल्याकडे घरोघर घेतल्या गेलेल्या लसीवरचे ते काम असल्यामुळे इथल्या वाचकाला ते विशेष जवळचे वाटावे.

प्रत्यक्षात हे असे दिसते. रविवारी गोळी घेणाऱ्या बाईंनी मंगळवारी फ्लूची लस घेतली, तर पुढचे दोन रविवार गोळी नाही आणि तिसऱ्या रविवारी पुन्हा सुरू. तेवढ्याने सांधे थोडे कुरकुरतात. ब्रिटनच्या चाचणीतही दुखणे उसळल्याची तक्रार गोळी थांबवलेल्यांत जास्त होती. म्हणून रोग आटोक्यात असेल तरच हा खंड घ्यायचा, आणि तो डॉक्टरांनी ठरवायचा. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीने २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत हा खंड फ्लूच्या लसीपुरताच सुचवला आहे. इतर निर्जीव लसींसाठी, म्हणजे ज्यांत जिवंत जंतू नसतो त्यांच्यासाठी, मेथोट्रेक्सेट चालूच ठेवायचे.

रिटुक्सिमॅबचा प्रकार वेगळा आहे. सलाइनमधून काही तास सोडले जाणारे हे औषध बी-पेशींवरचे सीडी-२० हे चिन्ह ओळखून त्या पेशी नष्ट करते. त्यानंतर कित्येक महिने नवी प्रतिपिंडे जवळपास बनतच नाहीत. अस्थिमज्जेतल्या जुन्या प्रतिपिंडनिर्मात्या पेशींवर ते चिन्ह नसते, त्यामुळे आधी घेतलेल्या लसींचे संरक्षण बरेचसे टिकते. मार खाते ते नवे शिकणे. फ्लूची लस तरीही हंगामात घ्यावीच, कारण टी-पेशींचा प्रतिसाद उरतो आणि फ्लू औषधाची तारीख पाहून येत नाही. बाकीच्या लसी पुढचा डोस देय होईपर्यंत लांबवाव्यात, आणि लसीनंतर तो डोस किमान दोन आठवडे पुढे ढकलावा. युरोपातील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची शिफारस याहून कडक आहे : आधीच्या डोसानंतर सहा महिने आणि पुढच्या डोसाच्या चार आठवडे आधी. उत्तम वेळ मात्र या दोन्हींच्याही आधीची, म्हणजे रिटुक्सिमॅब सुरू होण्यापूर्वीची. तीच बहुतेकदा निसटते. रुग्ण सुरगाणा, पेठ किंवा मालेगावहून मोठ्या मुश्किलीने शहरात पोचलेला असतो, मूत्रपिंडे धोक्यात असतात, सगळ्यांना घाई असते; न्यूमोकॉकसची, म्हणजे न्यूमोनियाच्या जंतूवरची, किंवा कावीळ ब ची लस 'नंतर बघू' या यादीत जाते आणि पुढचे सहा महिने तिथेच राहते.

स्टेरॉइडचे गणित मिलिग्रॅममध्ये आहे. रोज १० मिलिग्रॅमपर्यंत प्रेडनिसोलोन चालू असेल तर कोणतीही निर्जीव लस घेता येते. २० किंवा त्याहून जास्त असेल तर फ्लूची लस द्यावी, बाकीच्या डोस उतरेपर्यंत थांबवाव्यात. लसीसाठी म्हणून स्टेरॉइडची गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नये. शरीराचे स्वतःचे कॉर्टिसोल, म्हणजे नैसर्गिक स्टेरॉइड, दीर्घकाळ मंदावलेले असते आणि अशा अचानक खंडाने माणूस कोसळू शकतो. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनने लसीला अडथळा होत नाही. टीएनएफरोधक, म्हणजे दाह वाढवणारे टीएनएफ हे प्रथिन अडवणाऱ्या, इंजेक्शनांनी प्रतिसाद थोडा घटतो, पण निर्जीव लसीसाठी ती थांबवण्याची गरज नसते. मायकोफिनोलेट या प्रतिकार दाबणाऱ्या गोळीने मात्र प्रतिसाद बराच खाली येतो.

कोणत्या लसी

फ्लूची लस दर वर्षी, न्यूमोकॉकसची एकदा नीट ठरवून, धनुर्वाताची वेळेवर, कावीळ ब ची रक्त तपासून. ल्युपसच्या तरुण रुग्णांत गर्भाशयमुखाच्या बदलांचा धोका अधिक असतो, म्हणून त्यामागच्या एचपीव्ही विषाणूवरची लसही या यादीत येते. बालकांच्या आणि गर्भवतींच्या लसी सरकारी कार्यक्रमात मोफत मिळतात. प्रौढांच्या यातल्या बहुतेक लसी मात्र पदरच्या पैशाने घ्याव्या लागतात, आणि औषधांवरच महिन्याची मिळकत घालवणाऱ्या कुटुंबाला तो खर्च परवडत नाही. ही या विषयातली सर्वांत मोठी अडचण आहे. रोगप्रतिकारशास्त्र तिच्यापुढे हात टेकते.

नागिणीबद्दल थोडे सविस्तर. बालपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दडून बसतो आणि प्रतिकार घटला की पट्ट्यासारख्या फोडांनी बाहेर येतो. टोफासिटिनिबसारख्या जॅकरोधक, म्हणजे पेशींतले दाहाचे संदेश अडवणाऱ्या, गोळ्यांवर असलेल्यांत हा धोका ठळकपणे वाढतो. 'नागिणीचा विळखा पुरा झाला की माणूस दगावतो' या समजुतीने घरातली माणसे आधी मांत्रिकाकडे धावतात, आणि विषाणूरोधक गोळी ज्या पहिल्या ७२ तासांत सर्वाधिक उपयोगी पडते ते निघून जातात. विळखा पुरा होत नाही, कारण फोड शरीराच्या एकाच बाजूच्या मज्जातंतूवर उठतात. पण विळखा नसला तरी मागे राहणारी आग महिनोन्महिने झोप उडवते. नागिणीवरची निर्जीव लस भारतात २०२३ साली आली. ती दोन डोसांची आहे आणि तिच्यात जिवंत विषाणू नसल्यामुळे या रुग्णांना देता येते.

जिवंत, दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी, म्हणजे बीसीजी, तोंडावाटे पोलिओ, गोवर-रुबेला, कांजिण्या, पीतज्वर आणि नाकातून देण्याची फ्लूची लस, प्रतिकार दाबणारी औषधे चालू असताना सहसा टाळतात. घरातल्या इतरांनी मात्र लस घ्यावीच. त्यांचे संरक्षण म्हणजे रुग्णाभोवतीचे कुंपण. युरोपीय शिफारशीत घरच्यांसाठी फक्त तोंडावाटे पोलिओचा अपवाद केला आहे. आपल्याकडे बाळाचा पोलिओचा डोस आपल्या मनाने चुकवू नये; डॉक्टरांना विचारावे, आणि डोसानंतर काही आठवडे बाळाचे लंगोट रुग्णाऐवजी दुसऱ्याने बदलावेत.

कुत्रा चावला तर वरचा कोणताही हिशोब लागू नाही. रेबीज झाल्यावर उपाय नसतो, म्हणून लस त्याच दिवशी, पूर्ण डोसांत, कोणत्याही औषधावर असताना घ्यायची. प्रतिकार दबलेल्या माणसाला ओरखड्यासारख्या किरकोळ जखमेलाही लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन, लागते. ते 'आमवाताच्या गोळ्या चालू आहेत' असे केसपेपर काढतानाच सांगितले तर मिळते.

लसीने वात उसळतो का

ही भीती खरी आहे आणि तिला चेष्टेने उत्तर देऊ नये. वर्षभर धडपडून सांधे शांत केलेल्या माणसाला दोन दिवसांची अंगदुखीही धसका देते. उपलब्ध अभ्यासांतून निर्जीव लसींमुळे रोग मोठ्या प्रमाणावर भडकतो असे दिसलेले नाही. एक-दोन दिवस ताप, दंड दुखणे, सांधे जड वाटणे हे होते आणि जाते. याउलट खुद्द फ्लू किंवा न्यूमोनिया झाला तर औषधे थांबवावी लागतात आणि रोग उसळतो. तरीही शक्य असेल तर रोग शांत असताना लस घ्यावी, ही शिफारस सर्वत्र समान आहे. मार्च २०२१ मध्ये ४५ वर्षांवरील सहव्याधीग्रस्तांना कोविडची लस खुली झाली. त्या २० आजारांच्या यादीत दीर्घकाळ स्टेरॉइड वा प्रतिकार दाबणारी औषधे घेणारेही होते. तरी पुष्कळ वातरुग्ण तेव्हा भीतीपोटी मागे राहिले.

नाशिकचा हंगाम आणि सिंहस्थ

महाराष्ट्रात फ्लू दोनदा डोके वर काढतो, पावसाळ्यात आणि थंडीत. निफाडचा पारा राज्यात अनेकदा सर्वांत खाली जातो, त्यामुळे थंडीतली लाट नाशिककरांच्या लक्षात राहते. पण पावसाळ्यातली लाट कमी नसते. म्हणून लस उन्हाळ्याच्या शेवटी घेणे सोयीचे. द्राक्षाचा हंगाम आणि एप्रिलची खरड छाटणी उरकलेली असते, हातात थोडे पैसे असतात, आणि मेथोट्रेक्सेटचे दोन डोस चुकवून सांधे कुरकुरले तरी ऑक्टोबरच्या छाटणीला अवकाश असतो. सिंहस्थ कुंभमेळ्याची मुख्य स्नाने २०१५ प्रमाणे २०२७ मध्येही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच, म्हणजे ऐन फ्लूच्या दिवसांत आहेत. रामकुंडाच्या गर्दीत उतरणाऱ्या किंवा घरी पाहुण्यांचा राबता असणाऱ्या वातरुग्णाने त्या वर्षीची लस मे-जूनमध्येच उरकावी. रिटुक्सिमॅबवर असलेल्यांनी न्यूमोकॉकसचा हिशोब त्याच्याही सहा महिने आधी मांडायला हवा.

बाळंतपण आणि बीसीजी

टीएनएफरोधक औषधे ही स्वतःच प्रतिपिंडे असतात आणि गरोदरपणाच्या उत्तरार्धात त्यांपैकी बहुतेक वारेतून बाळाकडे जातात; त्यांतले सर्टोलिझुमॅब तेवढे फारसे जात नाही. अशा बाळाच्या रक्तात ती काही महिने राहतात. जिथे बीसीजी जन्मतः देत नाहीत त्या देशांत याचा फारसा प्रश्न येत नाही. आपल्याकडे ती बाळ घरी जाण्याआधीच डाव्या दंडावर टोचली जाते. इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफरोधक घेणाऱ्या आईच्या बाळाला बीसीजी दिल्यावर ते जंतू अंगभर पसरून बाळ दगावल्याची घटना २०१० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदली गेली. म्हणून अशा बाळाची बीसीजी सहा महिने पुढे ढकलतात. ती रद्द करत नाहीत, कारण क्षयरोग आपल्याकडे घरोघरी पोचलेला आहे.

अडचण निर्माण होते ती रिवाजातून. उपचार नाशिकला चालतात, पण पहिले बाळंतपण माहेरी, कळवणला किंवा नंदुरबारकडे, आणि औषधांची फाईल सासरी कपाटात. प्रसूतिगृहातल्या परिचारिकेला आईच्या इंजेक्शनबद्दल काहीच माहीत नसते. ती आपले काम चोख करते आणि बाळाला बीसीजी देते. त्यासाठी सातव्या महिन्यात, ओटीभरणाच्या सुमारास, संधिवाततज्ज्ञाकडून एक चिठ्ठी मराठीत लिहून घ्यावी. तीत औषधाचे नाव, शेवटच्या डोसाची तारीख आणि 'बाळाला बीसीजी व इतर जिवंत लसी विचारल्याशिवाय देऊ नयेत' एवढे पुरे. ती फाईलमध्ये न ठेवता माता-बाल संरक्षण कार्डाच्या पहिल्या पानाला टाचावी, कारण बाळंतिणीसोबत माहेरी नक्की जातो तो कागद तेवढा एकच.