८५वी फाइल आणि उरलेला एक ब्लॉक

लिनक्सच्या एक्स्ट या फाइलसिस्टिममधलं (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) शनिवारवाड्याच्या फोटोंचं फोल्डर घ्या: शनिवारवाडा००१, ००२ अशी नावं. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत काना-वेलांटीसकट प्रत्येक देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. फोल्डरच्या यादीत, म्हणजे डिरेक्टरीत, प्रत्येक फाइलची एक नोंद असते: १३ चिन्हांचे ३९, नोंदीच्या मथळ्याचे ८, मग ४ च्या पटीत नेऊन ४८. ४०९६ बाइटच्या ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या जागेचा एक तुकडा) '.' (ही डिरेक्टरी) आणि '..' (वरची डिरेक्टरी) या दोन नोंदींचे २४ बाइट सोडून अशा ८४ नोंदी मावतात. ८५वी आली की डिरेक्टरीची मांडणीच बदलते, आणि घोळ व्हायचा तो नेमका या बदलात.

एक्स्ट२ मध्ये (१९९३) डिरेक्टरी म्हणजे साधी यादी, नाव सापडेपर्यंत चाळायची. २००१ च्या सुमारास डेव्हलपर डॅनियल फिलिप्स यांनी एचट्री आणली: नावापासून काढलेल्या आकड्यानुसार (हॅश) नोंदी शोधणारं झाड. यात पहिल्या ब्लॉकमधल्या नोंदी नव्या ब्लॉकमध्ये हलतात, पहिला ब्लॉक झाडाचं मूळ होतो, मग हलवलेला ब्लॉक हॅशप्रमाणे दोन भागांत फुटतो. मुळातल्या '..' नोंदीची लांबी ४०८४ दाखवलेली असते, त्यामुळे एचट्री न कळणाऱ्या जुन्या कर्नलला (लिनक्सचा गाभा) त्या ब्लॉकमधलं पुढचं काही दिसतच नाही. मोठी हुशार युक्ती!

म्हणजे नवे ब्लॉक लागतात दोन. एकही मोकळा नसेल तर काहीच न हलता 'जागा नाही' येतं. एकच असेल तर मात्र नोंदी हलून, मूळ तयार होऊन, फोडताना काम अडतं. तेव्हा मेमरीत बदललेल्या ब्लॉकांपैकी काहीच डिस्कवर जायचे आणि डिरेक्टरी बिघडायची.

जर्नल (बदलांची नोंदवही) असून हे कसं? एक्स्ट२ नंतरच्या एक्स्ट३ चं जर्नल नोंदवलेले बदल पुन्हा लागू करतं. अर्धवट राहिलेलं मागे घेत नाही. नोंदवलंच नाही त्याची तर त्याला खबरच नसते.

२०११ मध्ये कर्नल डेव्हलपर यान कारा यांनी दुरुस्ती केली: फोडणं फसलं तरी बदललेले सगळे ब्लॉक नोंदवायचे. ८५वी फाइल बनत नाही, पण एकाच पानाचं (मुळाखाली नोंदींचा एकच ब्लॉक असलेलं) झाड शिल्लक राहतं, आणि ते वैध असतं. त्यापुढच्या एक्स्ट४ मध्ये आयनोडच्या (फाइलची माहिती ठेवणारी नोंद) आतच ठेवलेली चिमुकली डिरेक्टरी बाहेर काढताना उलटा मार्ग आहे: आधी प्रत घ्यायची, अडलं तर ती परत ठेवायची. एक्सएफएस ही दुसरी फाइलसिस्टिम याहून कडक. बदल सुरू झालेला व्यवहार रद्द करावा लागला तर अख्खी फाइलसिस्टिमच बंद करतं.

तपासायचं असेल तर छोटी इमेज (डिस्कसारखी वापरायची फाइल) बनवताना ब्लॉक ४०९६ चा सांगा, नाहीतर १०२४ चा मिळू शकतो. राखीव जागा शून्य ठेवा. रूटला (प्रशासक खातं) ती वापरता येते आणि हिशेब चुकतो. ८४ रिकाम्या फाइली बनवा, सिंक करा (मेमरीतलं डिस्कवर लिहा), एका मोठ्या फाइलनं जागा भरून १ ब्लॉक सोडा. मग ८५वी बनवून पाहा, अनमाउंट करा आणि ई२एफएससीके -एफएन (e2fsck -fn, काही न बदलता तपासणी करणारी आज्ञा) चालवा.