मागच्या पानाची अक्षरं आणि एक काळा कार्डशीट

पंचवटीतल्या आमच्या घराच्या माळ्यावर आजोबांची जुनी पंचांगं सापडली, कागद इतका पातळ की पान उलटायलाही भीती वाटते. म्हटलं स्कॅन करून ठेवू. पहिलंच पान स्क्रीनवर बघतो तर मागची अक्षरं उलटी होऊन ओळींमध्ये घुसलेली. आपल्या लिपीत तर हा वैताग डबल, मागचा एखादा ठिपका नेमका पुढच्या अक्षराच्या डोक्यावर आला की 'चिता'ची 'चिंता' होते, आणि मजकूर ओळखणारं सॉफ्टवेअर बिनधास्त तेच टाइप करून मोकळं.

मी आधी स्कॅनरलाच शिव्या घातल्या. पण गडबड होती झाकणाच्या आतल्या पांढऱ्या पॅडची.

कागदाचे तंतू खरं तर जवळजवळ पारदर्शक असतात. तंतू आणि मधली हवा यांच्या सीमेवर प्रकाश पुन्हा पुन्हा वळतो, विखुरतो, म्हणून कागद पांढरा दिसतो, काच फोडून चुरा केला की पांढरी दिसते ना, तसंच. भज्यांचा कागद आठवा, तेल लागलं की आरपार दिसायला लागतं, कारण हवेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचा आकडा) 1, तंतूंचा साधारण 1.5 आणि तेलाचा 1.47, म्हणजे हवेच्या जागी तेल शिरलं की प्रकाशाला सीमाच फारशी जाणवत नाही आणि तो सरळ निघून जातो. पातळ कागदात तेल नसलं तरी विखुरणारे थरच कमी, त्यामुळे बराच प्रकाश पलीकडे जातो, पांढऱ्या पॅडवर आपटतो आणि परत येतो, फक्त जिथे मागे शाई आहे तिथे अडतो. तीच ती उलटी अक्षरं. (नोट उजेडात धरल्यावर गांधीजी दिसतात त्यातही कागदाच्या कमीजास्त जाडीचाच खेळ आहे, नोटांचा छापखाना दारात असलेल्या नाशिकरोडवाल्यांना हे काय सांगायचं!)

मग मेनरोडवरून काळा कार्डशीट आणला आणि पानामागे सरकवला. आता पलीकडे गेलेला प्रकाश सगळीकडेच गिळला जातो, मागे शाई असो वा कोरी जागा, दोन्ही सारख्याच. पान थोडं करडं येतं पण घाबरू नका, 300 डीपीआयला (इंचाला 300 ठिपके) ग्रेस्केलमध्ये, म्हणजे करड्या छटांत, स्कॅन करा आणि नंतर फोटो एडिटरच्या लेव्हल्समध्ये (उजेड-काळोख जुळवायची सोय) तो करडा पांढऱ्यावर ओढा. थेट ब्लॅक अँड व्हाइट मोड लावू नका, त्यात बारीक अनुस्वार उडतात आणि 'चिंता'ची 'चिता' होते, म्हणजे उलटी पंचाईत. पान पिवळं पडलं असेल तर रंगीत स्कॅन करून फक्त लाल चॅनल (चित्रातला लाल रंगाचा भाग) घ्या, पिवळा कागद निळा प्रकाश खातो, लाल मात्र बऱ्यापैकी परत पाठवतो, म्हणून डाग फिके पडतात.

दोन पानांवर मात्र काळ्या कागदाचाही काही उपयोग झाला नाही. तिथे शाईच कागदात मुरलेली, जुनी छपाईची शाई जवसाच्या तेलात घोटलेली असायची, आणि त्या तेलानं अक्षरांभोवती भज्यांच्या कागदासारखे डाग धरलेत. ती पानं हातानं टाइप करतोय.